सहनशक्तीला अनुकूल

पहाटे साडेपाच

नोव्हेंबर सरता सरता नाशिकच्या मैदानावर पहाटे बोलताना तोंडातून वाफ निघते. पोरं वॉर्मअपच्या फेऱ्या मारताहेत, कोच सर कानटोपीत कान दडवून खिशात शिट्टी शोधताहेत आणि मी पायऱ्यांवर बसून कालच्या नोंदी चाळते आहे. क्रीडावैद्यक हा माझा विषय. लोकांना वाटतं, गुडघ्यावर स्प्रे मारायचा आणि पट्टी बांधायची. तेही असतंच. पण हल्ली दिवसातून एकदा तरी कुणीतरी जनुकांचा विषय काढतं.

आज चारशेचे आठ आहेत, मध्ये दोन मिनिटं आराम. मी ज्या दोघींसाठी आले आहे त्या पेठ तालुक्यातल्या, एकाच वसतिगृहात राहणाऱ्या. जूनपासून दोघींचं वर्कआउट एक, जेवण एक, झोपायची वेळ एक. एकीचं पंधराशेचं टायमिंग भराभर उतरलं. दुसरी आहे तिथेच.

"एकाच ताटातलं जेवतात मॅडम," सर म्हणतात, "मग ही का अडकलीये?"

हा प्रश्न जुना आहे. १९९० च्या दशकात क्लोद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडात 'हेरिटेज' नावाचा अभ्यास केला. व्यायामाची सवय नसलेली कुटुंबंच्या कुटुंबं घेतली, आईवडील आणि मुलं, आणि त्यांना वीस आठवडे मोजूनमापून सायकलवर बसवलं. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते आधी मोजलं आणि नंतर मोजलं. सरासरी वाढ चारशे मिलिलिटरच्या आसपास निघाली. पण त्या सरासरीच्या आत एक टोक असं होतं की वीस आठवडे घाम गाळूनही आकडा जवळपास हलला नाही, आणि दुसऱ्या टोकाला लिटरभर वाढलेली माणसं होती. कमी प्रतिसाद देणारी माणसं बरीचशी एकाच घरातली, भरघोस प्रतिसाद देणारीही एकाच घरातली. या फरकातला जवळजवळ निम्मा वाटा आनुवंशिक असावा, असा हिशेब निघाला.

मी हे सांगितलं की सरांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग ती टेस्ट करूनच टाकू ना."

कुठल्या जनुकाची करणार? असा गुण एका जनुकावर चालत नाही. शेकडो जनुकं आपापला चिमूटभर वाटा उचलतात, आणि त्या सगळ्यांची बेरीज करून एका मुलीबद्दल खात्रीनं काही सांगेल अशी चाचणी आज नाही. त्याआधी विचारायच्या साध्या गोष्टी पुष्कळ आहेत. पाळी नियमित आहे का, रात्री झोप लागते का, हिमोग्लोबिन किती. मी वहीत 'रक्त' एवढंच लिहून त्याखाली रेघ मारते.

कठड्याला टेकून सराव बघणारे एक फिरायला आलेले गृहस्थ आपण होऊन माहिती देतात. "आदिवासी पोरी ना? त्यांच्या रक्तातच असतं पळणं. ती सावरपाड्याची कविता राऊत नव्हती का!" होती ना. दहा हजार मीटरमध्ये २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिनं किती वर्षं किती किलोमीटर काढले, हे मात्र या वाक्यात कुठेच येत नाही. 'रक्तात असतं' म्हटलं की मेहनतीचा हिशेब मिटतो, आणि सरकारला ट्रॅक बांधायचीही गरज उरत नाही. मी हसून मान हलवते. सकाळी सहाला वाद घालायची माझी तयारी नसते.

साडेसात

मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा. सर फोन पुढे करतात. "हे बघा. त्या तेरा वर्षांच्या पोराचे वडील आज दहाला तुमच्याकडे येणारेत. तुम्ही बोला. मी बोललो तर भांडण होईल."

थुंकीवरून केलेल्या जनुकचाचणीचा रिपोर्ट. पीडीएफ रंगीत आहे. पहिल्या पानावर धावणाऱ्या माणसाची सावली आणि तिच्या छातीत वळलेली शिडी. आत लाल-हिरव्या पट्ट्या: स्नायूंची ताकद, इजा होण्याची शक्यता, कॉफी पचते का, मानसिक चिकाटी. सहाव्या-सातव्या पानावर मुख्य निकाल: एसीटीएन-३, एक्सएक्स. त्याखाली शेरा, 'सहनशक्तीला अनुकूल, वेगाला प्रतिकूल'. शिफारस: लांब पल्ल्याचे खेळ.

हा पोरगा शंभर मीटर पळतो. त्याच्या वयोगटात इथल्या मैदानावर त्याच्या जवळपास कुणी नाही. वडिलांना आता त्याला तीन हजारला घालायचंय.

"माझ्या हातात घड्याळ आहे," सर म्हणतात, "आणि मी थुंकीचं ऐकू?"

सव्वादहा

वडील बांधकामाचे कंत्राटदार, आई शिक्षिका. मुलगा मध्ये, चपलेच्या अंगठ्याशी खेळत. वडिलांनी रिपोर्टची रंगीत प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून आणलीये. या माणसाला पोराचं भलं करायचंय, यात मला शंका नाही. म्हणूनच मी हे प्रकरण दोन वाक्यांत उडवून लावत नाही.

एसीटीएन-३ हे जनुक अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रथिन बनवतं. स्नायूंतले जे तंतू झटकन आणि जोरात आकसतात, तिथे ते असतं. या जनुकाची एक आवृत्ती अशी आहे की मजकूर मध्येच तुटतो आणि प्रथिन बनतच नाही. आईकडून आणि वडिलांकडून दोन्ही तुटक्या आवृत्त्या आल्या, की माणूस एक्सएक्स. हा आजार नव्हे. जगात शंभर कोटींहून जास्त माणसं अशी आहेत, आणि त्यांना कधी कळतही नाही, कारण याच घराण्यातलं दुसरं प्रथिन त्याची जागा बऱ्यापैकी भरून काढतं.

२००३ साली ऑस्ट्रेलियात कॅथरिन नॉर्थ यांच्या गटानं दाखवलं की अव्वल दर्जाच्या स्प्रिंटर्समध्ये एक्सएक्स माणसं अगदी विरळ सापडतात. अभ्यास चांगला होता, पुढे इतरत्रही तसंच दिसलं. मग बाजार जागा झाला. २००८ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतली एक कंपनी १४९ डॉलरला लहान मुलांची ही एकच चाचणी विकू लागली: गालाच्या आतून काडी फिरवा, पोरगं फुटबॉलला घालायचं की मॅरेथॉनला ते पाहा. आज आपल्याकडे आलेले रिपोर्ट जाडजूड झालेत, पण त्यांचा कणा अजून तोच आहे.

"मग अभ्यासात खोट काय?" वडील विचारतात. प्रश्न बरोबर आहे.

अभ्यासात खोट नाही. तो हजारो माणसांतून वर पोचलेल्या मूठभरांबद्दल बोलतो. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत सेकंदाचा शंभरावा भाग मोजला जातो, तिथे या प्रथिनाचा लहानसा फायदा दिसतो. स्प्रिंटच्या वेळेत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला एक ते तीन टक्के वाटा या जनुकाचा, असे अंदाज आहेत. उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांबद्दल हा कागद काही बोलत नाही. शिवाय अपवाद आहेत. स्पेनच्या एका लांबउडीपटूची नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोनदा ऑलिंपिक खेळलेला, सव्वाआठ मीटरच्या पुढे उडी मारलेला. स्फोटक ताकदीचा याहून उघड खेळ कोणता? तो एक्सएक्स होता.

आणि रिपोर्टचा दुसरा अर्धा भाग, 'सहनशक्तीला अनुकूल', त्याचं काय? मी वडिलांना विचारते, जगातले सर्वांत चांगले लांब पल्ल्याचे धावपटू कुठले? ते लगेच म्हणतात, केनिया. केनियात एक्सएक्स माणसं सुमारे एक टक्का आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे अठरा टक्के. म्हणजे या रिपोर्टच्या तर्कानं केनियातल्या जवळजवळ प्रत्येक पोराला मॅरेथॉनपासून दूर ठेवून शंभर मीटरला उभं करायला हवं होतं. आईला हसू येतं. वडील प्रिंटकडे बघत राहतात. पैसे गेल्याचं दुःख चेहऱ्यावर लगेच उमटतं, ते मी ओळखते.

२०१५ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन निवेदन काढलं होतं: गुणवत्ता शोधण्यासाठी किंवा प्रशिक्षण ठरवण्यासाठी बाजारातल्या अशा जनुकचाचण्यांचा उपयोग नाही, आणि मुलांवर तर त्या करूच नयेत. दहा वर्षं झाली. तेव्हापासून कंपन्यांची छपाई तेवढी सुधारली.

"मग टॅलेंट ओळखायचं कसं, मॅडम?"

फूटपट्टीनं आणि घड्याळानं. मी हे चेष्टेनं म्हणत नाही. उंची हा माणसाच्या सर्वांत आनुवंशिक गुणांपैकी एक, ऐंशी टक्क्यांच्या आसपास. ती ठरवणारी जनुकं हजारोंनी आहेत. प्रयोगशाळेत ती एकेक करून वाचत बसण्यापेक्षा भिंतीला पाठ लावून पोराला उभं केलं की त्या सगळ्यांची बेरीज खडूच्या एका रेघेत मिळते, शिवाय त्यानं लहानपणी काय खाल्लं तेही तिच्यात येतं. आपल्याच जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, विहिरीच्या खोदकामावर राबलेला मुलगा. नाव वल्हवणं म्हणजे काय, हे त्याला सैन्यात गेल्यावर कळलं. तिथे कुणी त्याची थुंकी तपासली नाही. उंची पाहिली, खांदे पाहिले आणि त्याला बोटीत बसवलं. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकला होता, २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण.

शंभर मीटरचं टायमिंग हेही असंच आहे. तुमच्या मुलाची सगळी जनुकं, सगळं खाणं, सगळा सराव त्या आकड्यात आधीच धरलेला आहे. त्यातून एक जनुक वेगळं काढून त्या आकड्याला खोटं पाडायचं कशाला?

मुलगा पहिल्यांदाच तोंड उघडतो. "मग मी शंभरच पळू ना?"

"तुला काय आवडतं?"

"शंभर. आणि लाँग जंप."

वडील प्रिंट बॅगेत घालतात. पटलंय की नाही, सांगता येत नाही. जाताना विचारतात, धाकटीची चाचणी अर्ध्या किमतीत मिळते म्हणून तिचीही सांगून ठेवली होती, ती रद्द करता येईल का. करा म्हणते. मुलीची जनुकं मुलीची आहेत. अठरा वर्षांची झाली की वाटलं तर बघेल.

साडेबारा

व्हॉलीबॉलचा पोरगा, सतरा वर्षांचा. तक्रार घोट्याची, पाय मुरगळलाय. घोट्याला फारसं काही झालेलं नाही. पण तो खोलीत शिरताना चौकटीखाली वाकला, तेव्हापासून माझं लक्ष त्याच्या हातांकडे आहे.

मी त्याला एका हाताच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं दुसऱ्या हाताचं मनगट धरायला सांगते. दोन्ही बोटं एकमेकांवर चढून वर पेरभर उरतात. मग अंगठा तळहातात घालून मूठ वळायला सांगते. अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर डोकावतं. छाती मध्ये किंचित आत गेलेली. तळवे सपाट. चष्मा जाड. मी टेप काढते आणि पसरलेल्या हातांची लांबी मोजते. ती उंचीपेक्षा बरीच जास्त भरते.

"भारी आहे ना मॅडम?" तो खूश होऊन विचारतो. "सर म्हणतात, ब्लॉकिंगसाठी देवानंच बनवलाय."

खेळासाठी जनुकं तपासावीत असं मला खरोखर कधी वाटतं, तर ते इथे. एफबीएन-१ नावाच्या जनुकात दोष असला की शरीरातले ताणले जाणारे धागे कच्चे विणले जातात. याला मारफान म्हणतात. साधारण पाच हजारांत एकाला असतो. माणूस उंच होतो, हात लांब होतात, सांधे लवचीक राहतात. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलच्या निवडीत अशी मुलं हमखास उचलली जातात. पण तेच कच्चे धागे हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या भिंतीतही असतात. ती भिंत फुगत जाते, आणि एखाद्या दिवशी खेळता खेळता फाटते.

फ्लो हायमन ही अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलेली. जानेवारी १९८६ मध्ये जपानमधल्या मात्सुए इथे सामना चालू असताना बाकावर बसली आणि कोसळली. वय ३१. मारफान होता हे शवविच्छेदनात कळलं. जगभरातल्या डॉक्टरांनी तिचा खेळ पाहिला होता, तिची उंची पाहिली होती. मनगट धरायला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच आजार निघाला. त्याच्यावर वेळेत शस्त्रक्रिया करता आली. २०१४ मध्ये आयझाया ऑस्टिन या बास्केटबॉलपटूचा मारफान एनबीएच्या निवडीआधीच्या तपासणीत सापडला. खेळ तेव्हा थांबला, पण माणूस वाचला.

मी पोराला घाबरवत नाही. हृदयाचा इको करायचाय, तोवर सराव बंद, एवढंच सांगते. आईला बाजूला घेऊन विचारते, घरात कुणी असं उंच, कुणी लहान वयात अचानक गेलेलं? "नाही हो मॅडम, आमच्यात सगळे ठणठणीत." व्हॉलीबॉलचे सर मुलाला घ्यायला येतात, तेव्हा त्यांनाही सराव बंद म्हणून सांगावं लागतं. पुढच्या आठवड्यात विभागीय स्पर्धा आहे. ते माझ्याकडे असं बघतात, जणू मीच त्याचा घोटा मुरगळला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, नाहीतर मी जनुकचाचणीची जाहिरात करते आहे असं वाटेल. आजाराच्या बाबतीतही कागद एकटा पुरत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं की एमवायबीपीसी-३ या हृदयाच्या जनुकातली पंचवीस अक्षरं गळालेली आवृत्ती भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत आहे, आणि तिचा हृदयविकाराशी संबंध आहे. चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसं. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. उद्या ही चाचणी प्रत्येक खेळाडूची करून 'पॉझिटिव्ह' मुलांना घरी बसवलं, तर मैदानं ओस पडतील आणि वाचेल कोण ते कुणालाच सांगता येणार नाही. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे, त्यात साधा ईसीजी असतो. व्हेनेटो भागातल्या नोंदींनुसार त्यानंतरच्या दोन दशकांत तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. ईसीजीसाठी कुणाची थुंकी लागत नाही. संशय आला की इको, आणि इकोत काही दिसलं की मग जनुक. क्रम हा असा.

दोन

डबा उघडते तोवर पशुवैद्यक झालेल्या वर्गमैत्रिणीचा फोन. ती पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर काम करते. तिला माझं कौतुक वाटतं आणि मला तिचा हेवा. तिच्या घोड्यांत चाचणी चालते! डब्लिनच्या एमेलीन हिल यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं की थरोब्रेड घोड्यांत मायोस्टॅटिन या एका जनुकाच्या आवृत्तीवरून तो छोट्या पल्ल्याचा की लांबच्या, याचा चांगला अंदाज येतो. पण थरोब्रेड ही मोजक्या पूर्वजांपासून तीनशे वर्षं निवडून निवडून काढलेली जात. आहार मोजलेला, काम एकच. आणि कुठली शर्यत पळायचीय, हे घोड्याला कुणी विचारत नाही. मैत्रीण म्हणते, तुझ्याकडे येणाऱ्या पालकांनाही तेच हवंय. भाजी गार झाली.

साडेतीन

वसतिगृहात तपासणी. व्हरांड्यात मुलींची रांग, तंत्रज्ञ ताई बोटाला टोचतात. सकाळच्या दोघीही रांगेत आहेत.

जी अडकली होती तिचं हिमोग्लोबिन ८.९. जी पुढे गेली तिचं १२.६. सकाळपासून ज्याचा शोध चालला होता ते जनुक हे. लोह कमी, पाळीचा रक्तस्राव जास्त आणि कुणाला सांगायची लाज. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आलं. रक्तात पळणं असतं म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना हा आकडा दाखवायला हवा होता.

फिनलंडचा ईरो मॅन्टिरांटा आठवतो. बर्फावर स्की घालून लांब पल्ले पळणारा, १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन वैयक्तिक सुवर्णं. त्याचं हिमोग्लोबिन वीसच्या वर असायचं. लोकांना औषधाचा संशय होता. १९९३ मध्ये त्याच्या सगळ्या खानदानाची तपासणी झाली तेव्हा कळलं, तांबड्या पेशी बनवण्याचा हुकूम घेणाऱ्या ग्राहीच्या जनुकात बदल होता आणि तो घरातल्या कितीतरी जणांत होता. एका जनुकानं खेळाडूला उघड फायदा दिल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण. तरी तो बदल असलेला प्रत्येक नातेवाईक काही ऑलिंपिकचा राजा झाला नाही. आणि या व्हरांड्यात त्याच रक्ताची उलटी बाजू माझ्यासमोर उभी आहे. तिला जनुक नको, लोहाच्या गोळ्या हव्यात, त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायला हव्यात आणि वरून चहा प्यायला नको.

मग सिकलसेल. नाशिक, नंदुरबार, पालघर, गडचिरोली या पट्ट्यात हे नाव सगळ्यांना माहीत आहे. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस. 'एसएस' म्हणजे आजार, 'एएस' म्हणजे वाहक. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, त्यामुळे बऱ्याच मुलींच्या पिशवीत कार्ड आहे. ते कार्ड त्यांना लग्नासाठी दिलं गेलं, दोन वाहकांनी जोडीदार निवडताना विचार करावा म्हणून. पळण्याशी त्याचा काही संबंध आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं.

आज एकीचं 'एएस' आलंय. आठशे पळते, चांगली पळते. वॉर्डन मॅडम लगेच म्हणतात, "हिला बंद करू का?"

नाही. अमेरिकेत २००६ मध्ये डेल लॉइड हा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सरावात कोसळून दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता, हे नंतर कळलं. २०१० पासून तिथल्या विद्यापीठीय स्पर्धांत वरच्या गटातल्या खेळाडूंची ही तपासणी सुरू झाली. मग २०१६ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय जवानांचा अभ्यास आला. वाहकांत मृत्यू जास्त नव्हते. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका मात्र दीडपट होता. मृत्यू वाढले नाहीत, याचं श्रेय बहुधा त्या सैन्यातल्या नियमांना द्यावं लागेल: पाणी, सावली, हळूहळू वाढवलेला सराव, आणि हे नियम सगळ्यांना सारखे.

म्हणून मी मुलीला समोर बसवून सांगते. तू पळायचंस. सुट्टीनंतर परत आलीस की पहिल्या दिवशी जोर लावायचा नाही. उन्हात लागोपाठ रिपीटेशन करायची नाहीत, मध्ये पुरता आराम घ्यायचा. ताप असेल त्या दिवशी मैदान नाही. आणि पायांतला जोर अचानक गेला, गोळा न येता पाय लुळे पडले, तर तिथेच बसायचं. सर ओरडले तरी बसायचं.

"सर ओरडतात," ती म्हणते.

"सरांना मी सांगते."

वॉर्डन मॅडमना बजावते की यादी फलकावर लावायची नाही. मागे एका ठिकाणी लावली होती. यादीतल्या एकीच्या ताटाशेजारी मुली बसेनाशा झाल्या, आणि ती घरी गेली ती परत आलीच नाही.

सहा

दवाखाना बंद करताना सीनियर गटातली एक मुलगी दारात. राष्ट्रीय स्पर्धेची तयारी करतेय. तिला एकच विचारायचंय, पण खुर्चीवर बसून ते ओठांवर यायला वेळ लागतो. मैत्रिणी म्हणताहेत, आता मुलींची डीएनए टेस्ट करणार, आणि नापास झालं तर मुलगी नाही म्हणणार. खरं का?

अर्धं खरं आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून ॲथलेटिक्समधल्या जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात उतरायचं तर 'एसआरवाय' या जनुकाची चाचणी आयुष्यात एकदा द्यावी लागते. टोकियोच्या विश्वस्पर्धेआधी ती झाली. हे जनुक बहुधा वाय गुणसूत्रावर असतं आणि गर्भात वृषण तयार व्हायची सुरुवात करून देतं. १९९० मध्ये ते ज्यांनी शोधलं त्यांतले अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच लिहिलं की हे जनुक आहे की नाही एवढंच चाचणी सांगते. ते चालतं का, शरीर त्या संप्रेरकाला दाद देतं का, याबद्दल ती गप्प असते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ स्त्रियांची अशीच चाचणी झाली होती. आठ जणी 'पॉझिटिव्ह' निघाल्या, पुढे तपासून आठही जणींना खेळू दिलं. नंतर ही पद्धत सोडून दिली. आता ती परत आली.

महिला गटाला सीमा हवी, हे मला मान्य आहे. त्या सीमेवर उभ्या राहिलेल्या मुलीशी कोण, कुठे आणि कुठल्या भाषेत बोलणार, हे नियमात नीट लिहिलेलं नसतं. तामिळनाडूची शांती सौंदरराजन, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची मुलगी, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचं रौप्य मिळवून घरी आली आणि आपण चाचणीत नापास झालोय हे तिच्या कानावर जगाबरोबरच गेलं.

मी मुलीला सांगते, बहुतेक मुलींसाठी ही गालावर काडी फिरवण्याइतकी गोष्ट आहे. तुला करायची वेळ आली तर आधी माझ्याकडे ये, निकाल पाकिटात तुझ्या हातात येईल असं लिहून घेऊ. ती विचारते, आणि आईला सांगायचं का? मला पटकन उत्तर देता येत नाही. तुझी इच्छा, म्हणते. ती उठते, बॅग खांद्याला लावते आणि उद्याच्या वर्कआउटची वेळ विचारते.

रात्री सव्वानऊ

फायली. वसतिगृहातल्या आठशेवाल्या मुलीसाठी सरांना पत्र, मोठ्या अक्षरांत, मुद्दे चार. कंत्राटदार वडिलांचा मेसेज आलाय: धाकटीची चाचणी रद्द केली, पैसे परत मिळत नाहीत म्हणतात. त्याखाली मुलाच्या लाँग जंपचा व्हिडिओ. टेकऑफ बोर्डाच्या वीतभर आधी होतोय, ते सर बघतील.

मग व्हॉलीबॉलच्या पोराच्या आईचा फोन.

"मॅडम, दुपारी मी नाही म्हटलं. पण घरी आल्यावर आई म्हणाली, माझा मोठा भाऊ. मी लहान होते. उंच होता, याच्यासारखाच. शेतात काम करता करता पाठीत-छातीत कळ आली आणि गेला. अटॅक म्हणाले सगळे."

"वय काय होतं?"

"चौतीस."

मारफान आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मी कागदावर वंशावळ काढायला घेते. चौकोन पुरुषांचे, वर्तुळं बायकांची. मामाच्या चौकोनावर तिरकी रेघ. मग आईचं वर्तुळ. तिथे पेन थांबतं, कारण दुपारपासून मी मुलाकडेच बघत होते.

"ताई, तुमची उंची किती?"

"पाच नऊ. का हो?"

"इको परवा सकाळी दहाला आहे. मुलाबरोबर तुमचाही करू. धाकट्याला शाळेतून सुट्टी घ्या, त्यालाही आणा. मामांचे काही जुने कागद, फोटो असतील तर तेही शोधून ठेवा. आणि येताना चष्म्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, तिघांची."

"माझी पण?"

"तुमची पण."